खर्चाच्या गटातलं नाव

वाटणीच्या दिवशी मंजुषा सकाळी नऊलाच कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात येऊन कंप्युटरपुढं बसली होती, आणि दहा वाजून गेले तरी तिनं एक कागद छापला नव्हता. सीझन संपलेला. मिल बंद, हमाल आपापल्या गावी गेलेले, वजनकाट्यावर एक कुत्रं ताणून झोपलेलं. गेवराईचं एप्रिलचं ऊन पत्र्यावर चढायला लागलं होतं. अकराला सगळे येणार होते आणि तिच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता.

छापायचं तरी किती होतं? दोन पानं. धर्मापुरीचे आसाराममामा, म्हणजे तिच्या नवऱ्याचे सख्खे मामा, मागल्या बैठकीत ठणकावून सांगून गेले होते की तोंडी हिशेब बंद. मिल विकायची ठरलीच आहे, तर 'घरचे भांडवल' या गटात ज्याच्या नावापुढं जेवढा आकडा असंल तेवढा त्याचा वाटा. मिलच्या सॉफ्टवेअरमध्ये दर खातं कुठल्या ना कुठल्या गटात बसवावं लागतं. भांडवल, देणी, येणी, खर्च. त्या गटांवरूनच ताळेबंद तयार होतो. मामांचं म्हणणं तिघा भावांतल्या थोरल्या अमरसिंहनं मान्य केलं, धाकट्या युवराजनं, म्हणजे मंजुषाच्या नवऱ्यानं, मान्य केलं. मधला तानाजी गेल्या आषाढात काट्यावर वजन घेता घेताच छातीत कळ येऊन गेला. त्याच्या जागी त्याची बायको विजयमाला बसली होती, तिनंही मान हलवली. कुणाची हरकत नव्हती. हरकत घ्यावी असं जे होतं ते मंजुषाला कळून आठच दिवस झाले होते.

तानाजीचं नाव 'घरचे भांडवल'मध्ये नव्हतं. ते 'मजुरी व पगार'मध्ये होतं. खर्चाच्या गटात.

आता हे झालं कसं, तर त्याला या घराचीच रीत कारण. आबांची, म्हणजे सासरे उत्तरेश्वरांची, लाल कापडी बही होती. तिच्यात बाहेरच्या माणसांची खाती पुढून पहिल्या पानापासून लिहायची आणि घरच्यांची मागून, शेवटच्या पानापासून उलटी. कुणी परक्यानं बही उघडली तर घरातलं त्याच्या नजरेला पडू नये, म्हणून आबांचे वडील धोंडीराम यांनी घालून दिलेली ती पद्धत. तानाजीचं पान मात्र पुढं होतं. दर शनिवारी बाजाराच्या दिवशी मजुरांचा हप्ता तोच वाटायचा, त्याला सारखं मागं-पुढं उलटायचा कंटाळा येई. म्हणून त्यानंच आबांना सांगून आपलं पान पुढं, हमालांच्या पानांना लागून घेतलं. नऊ वर्षांमागं जीएसटी आला आणि बही कंप्युटरवर चढवायची वेळ आली, तेव्हा लग्न होऊन चारच महिने झालेली बी.कॉम. झालेली मंजुषा पान उलटत बसली. पुढची सगळी मजूर, मागची सगळी घरची. एकदा तिनं आबांना विचारलंही होतं, "आबा, तानाजीभाऊंचं कुठं टाकू?" आबा कापसाच्या गाडीवर ओरडत होते. "घरचंच हाय, टाक कुटं बी," म्हणाले. तिनं जिथं पान होतं तिथंच टाकलं.

टाकलं ते टाकलं. पुढं दर मार्चला मागल्या सालची एंट्री उचलायची, तारीख बदलायची, नफा आबा, अमरसिंह आणि युवराज या तीन खात्यांत वाटायचा. घरात कापसाचा भाव सगळे वाचत, ताळेबंद कोण वाचतंय! आणि खर्चाचं खातं असं असतं की मार्चअखेर ते पुसलं जातं. भांडवल पुढल्या साली जातं, खर्च जात नाही. तानाजीचं खातं नऊ वर्षं दर एक एप्रिलला शून्यावरनं सुरू होत होतं.

तेवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण मध्ये मावेजा आला होता. हायवेत तानाजीच्या नावचं सव्वा एकर गेलं, त्याचे सव्वीस लाख चाळीस हजार त्यानं एका रकमेनं मिलच्या खात्यात भरले, नव्या गाठी बांधायच्या प्रेससाठी. खर्चाच्या गटात पैसे जमा झाले की खर्च कमी दिसतो. त्या साली मजुरी निम्म्यानं उतरली, नफा फुगला, आणि हिशेब तपासणाऱ्या साहेबांनी पेढे मागितले. मंजुषानंच नेऊन दिले होते. तो फुगलेला नफा ज्या तीन खात्यांत गेला, त्यातलं एक तिच्या नवऱ्याचं होतं.

"छापलं का न्हाई?" युवराज दारातूनच म्हणाला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची चावी.

"नाही."

"कावून?"

"अहो, तुम्हाला सांगितलंय मी सगळं."

त्यानं दार लोटून घेतलं. "सांगितलंस. ऐकलं मी. आन मी काय म्हनलो ते बी तू ऐकलंस. जुनं हाय तसं छाप."

"विजयमालाताईंना एक रुपया येत नाही त्यात."

"रुपया कसा येत न्हाई? आमी काय वाऱ्यावर सोडनार हाय का वहिनीला? तिच्या संस्कृतीची फी मी भरीन. लग्न मी लावीन पोरीचं. पन ते माझ्या हातानं. कागदावर कशाला?"

"पैसे भाऊंचे होते."

"आन चूक कुनाची होती?" युवराज वाकून हळू बोलला. ओरडला असता तर बरं, असं तिला वाटलं. "भर बैठकीत सांगनार का तू? दादा काय म्हनतील? म्हनतील, नवऱ्याच्या खात्यात पैसे वढायला बाईनं मुद्दाम केलं. नऊ वर्सं! कोन मानंल चुकून झालं म्हनून? मी हायवेच्या जागेला सात लाख इसार देऊन बसलोय, मंजे. ते बुडले तर काय करू, सांग."

खरं सांगायचं तर मंजुषाला इसाराची भीती नव्हतीच. भीती होती ती दुसरीच. या घरात आलेल्या दर पाहुण्याला आबा तिच्यासमोर सांगायचे, आमची सून कंप्युटर चालवती, आकडा चुकत न्हाई कधी. नऊ वर्षं त्या एका वाक्यावर तिनं या घरात मान ताठ ठेवली होती. ते वाक्य आज मोडणार होतं. स्वार्थच तो, दुसरं काय! आणि तो स्वार्थ आहे हे कळत असूनही आठ दिवस तिनं नवऱ्याखेरीज कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"ती दुसरी नक्कल केलीस ना तू, दुरुस्त केलेली? ती पुसून टाक," युवराज म्हणाला.

"पुसते."

तो गेला. तिनं पुसली नाही. जुनं पान मात्र छापलं. प्रिंटर घरघरला आणि कागद बाहेर आला.

अकराला मामा आले. त्यांच्यामागं अमरसिंह, आबांना खांद्याशी धरून. आबांचा उजवा हात गेल्या वर्षीपासून चालत नव्हता, बोलणं जड झालं होतं. त्यांना भिंतीशी पंख्याखाली बसवलं. विजयमाला शेवटी आली, पदर डोक्यावरून घेऊन दारालगतच्या खुर्चीत टेकली. तिच्या संस्कृतीनं बारावीचा शेवटचा पेपर महिन्यामागं दिला होता. ती बाहेर स्कूटीवरच बसून राहिली.

"तान्या काट्यावर हाय का?" आबांनी विचारलं.

अमरसिंहनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "हाय आबा. बसा तुमी."

मामांनी चष्मा लावला. "हां, वाच पोरी."

मंजुषानं कागद मामांनाच दिला. स्वतःच्या तोंडानं वाचणं तिला जमलं नसतं. मामांनी बोट फिरवत वाचलं. आबा बावीस लाख, अमरसिंह एक्केचाळीस, युवराज अडतीस. आबांचे बावीस आबांच्या औषधपाण्याला बाजूला. मग वाचून संपलं आणि मामा पान उलटून मागं बघायला लागले.

"तानाजी?"

"त्यात न्हाई मामा," युवराज चटकन म्हणाला. "त्यो पगारावर धरलाय. पयल्यापासून तसंच हाय."

"पगारावर?" अमरसिंहच्या कपाळाला आठी पडली. "तो कवा पगारावर होता बे?"

"कागद हाय की दादा समोर."

अमरसिंह कागदाकडं बघत राहिला. माणूस वाईट नव्हता. पण एक्केचाळीस लाखांचा आकडा डोळ्यांपुढं असताना भावाची बाजू घ्यायला लागतो तेवढा दम त्याच्यात नव्हता. तो घसा खाकरून म्हणाला, "मला वाटलं आबांनी काय तरी ठरवलं असंल त्याच्याशी."

"आमचा मावेजा मिलमधी घातला होता त्यांनी," विजयमाला म्हणाली. पहिल्यांदाच बोलली. "प्रेस आली ती त्यातून."

"वहिनी, प्रेस बँकेच्या कर्जातून आली," युवराज म्हणाला. "मावेजा तर त्या सालच्या दोन लग्नांत गेला. एक आपल्या आक्काच्या पोरीचं, एक..."

"त्यांनी भरला, युवराज. मी सोबत गेलते बँकेत."

"भरला असंल तर कागदावर दिसंल की."

मामा दोघांकडं आळीपाळीनं बघत होते. "हे बघ विजयमाला, माझी बी इच्छा न्हाई तुला रिकामं धाडायची. पन तोंडी धरलं तर उद्या दोन्ही पोरं कोर्टात उभी राहतील. म्हनून तर कागदावर ठरवलं आपन."

"मला दाखवा," विजयमाला म्हणाली. "पगारात तर हायेत ना? तिथं दाखवा त्यांचं नाव."

ही मागणी कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. मामांनी मंजुषाकडं पाहिलं. मंजुषानं यंत्रासारखा खर्चाचा गट उघडला आणि स्क्रीन विजयमालाकडं वळवली. नावं अक्षरानुसार लागलेली. ग्रीस व ऑइल. चहापाणी. डिझेल. तानाजी. तोलाई. दुरुस्ती. बारदाना.

विजयमाला खुर्चीतून उठून जवळ आली. तिला चष्मा लागला होता पण तिनं आणला नव्हता, म्हणून अगदी वाकून तिनं ते वाचलं. एकदा वाचलं, मग बोट ठेवून पुन्हा वाचलं. "डिझेल आन तोलाईच्या मधी," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि जागेवर जायला वळली.

मंजुषाला ते सहन झालं नाही. तिच्या डोळ्यांना धार लागली. "माझ्यामुळं झालं," ती म्हणाली.

"मंजे!" युवराज.

"माझ्यामुळं झालं मामा. बहीत त्यांचं पान पुढं होतं. मी मजुरांत टाकलं. मावेजा भरलाय त्यांनी, सव्वीस लाख चाळीस हजार, तारखेसकट आहे. खर्चाच्या गटात जमा झाला, त्यामुळं नफा वाढला, आणि तो या तिघांच्या नावावर वाटला गेला. दादांच्या एक्केचाळीसात आहे तो. यांच्या अडतीसात आहे. मला आठ दिवसांखाली कळालं. मी सगळं नीट लावून ठेवलंय, दुसऱ्या नकलेत. थांबा."

तिनं नक्कल उघडली. भांडवलाच्या गटात आता चार नावं होती. तिनं आकडे वाचले. आबा सतरा लाख. अमरसिंह तेहतीस. युवराज तीस. आणि तानाजीची नऊ वर्षांची घरखर्चाची उचल वजा करून, नफ्याचा चौथा हिस्सा मिळवून, एकवीस लाख.

अमरसिंहच्या तोंडाचा रंग उतरला, आठ लाख एका झटक्यात गेलेले कुणाला सोसतात! पण तो बोलला ते वेगळंच. "तारखेसकट हाय म्हनतीस?"

"आहे दादा. बँकेच्या पावतीचा नंबर पण आहे."

"मग संपलं," मामा म्हणाले. "कागद म्हनतो ते. सगळ्यांनी कबूल केलंतं."

युवराज उठला. "ही तिची दुसरी नक्कल हाय मामा. घरात बसून केलेली. उद्या तिसरी करंल. हिच्यावर कोन इसवास ठेवनार?"

"गप बे!" अमरसिंह ओरडला. "लाज वाटू दे जरा. बायको स्वतःच्या अंगावर घेती, आन तू तिलाच खोटी पाडतोस?"

युवराजनं मंजुषाकडं एकदा पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिनं झेलला असता. पण तो तिच्याकडं परक्या माणसाकडं बघावं तसं बघत होता. चावी उचलून तो बाहेर पडला, गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि मग तोही ऐकू येईनासा झाला. मामांनी जुन्या कागदावर आडवी रेघ मारली, नव्या आकड्यांचा कागद छापून घेतला, त्यावर सह्या झाल्या. आबांचा डावा अंगठा घेतला. विजयमालानं ठसठशीत अक्षरात नाव लिहिलं. अमरसिंह आबांना घेऊन निघाला, मामा त्यांच्यामागं गेले.

ऑफिसात दोघी जावाच राहिल्या. मंजुषाला वाटलं, आता ताई जवळ येईल, पाठीवरून हात फिरवील. लग्न होऊन आली तेव्हापासून ताईनंच तिला सांभाळलं होतं. माहेरची आठवण आली की ताईच्याच मांडीवर ती रडली होती. तिनं डोळे पुसले. "ताई, मला माफ करा. मला खरंच कळालं नव्हतं. नऊ वर्षं रोज या मशीनवर बसते, पण..."

"ठाऊक हाय मला," विजयमाला म्हणाली. "त्यांना बी ठाऊक होतं."

"कुणाला?"

"तुझ्या भाऊंना. सहा वर्सं झाली. घर बांधायला कर्ज काढावं म्हनून बँकेत गेलते. तिथल्या माणसानं मिलचे कागद बघितले आन म्हनला, तुमी तर ह्या मिलमधी मजूर दिसताय. घरी आले ते जेवलेच न्हाईत."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी म्हनलं सांगा. एका बोटाचं काम हाय तिचं. तर म्हनले, नको. आबांना कळलं तर तिला मशीनवरून उठवतील, परत बही काढतील. शिकलेली पोरगी चुलीपुढं बसंल. तिच्या तिनंच ध्यानात येऊ दे. मला शपथ घातली." विजयमालाचा आवाज कुठंच कापत नव्हता. "मग दर मार्चला तू हिशेब मिटवायला बसलीस की यायचे घरी आन म्हनायचे, औंदा मंजूच्या ध्यानात येईल. पाच मार्च म्हनले. सहाव्याला त्यांची छाती दुखाय लागली होती, तरी म्हनले."

"ताई..." मंजुषाला हुंदका आवरेना. "ते गेल्यावर तरी बोलायचं होतं तुम्ही. मी लगेच केलं असतं. त्याच दिवशी केलं असतं!"

"आठ दिसांखाली कळलं ना तुला?"

मंजुषा रेघ मारलेल्या जुन्या कागदाची घडी करायला लागली.

"आत्ता मामांपुढं तूच म्हनलीस. मला शपथ होती, म्हनून मी गप. तुला कुनाची शपथ होती?" विजयमालानं पदर सारखा केला. "आठ दिस एका चुलीवर भाकरी थापल्या आपन. रोज तू तवा तापवायचीस, मी थापायचे. मी इचारलं पन, मंजू, चेहरा का उतरलाय? तर म्हनलीस, ऊन लई हाय."

मंजुषाला म्हणायला होतं पुष्कळ. नवऱ्याचं नाव सांगता आलं असतं, इसार सांगता आला असता. पण त्यातलं काहीच ताईला सांगण्यासारखं नव्हतं.

"तू आज बोललीस ते चांगलं केलंस," विजयमाला म्हणाली. "पैसे मी घेनार. त्यांच्या जमिनीचे हायेत, सोडनार न्हाई. संस्कृतीला बीडला कॉलेजात घालते, तिथं खोली बघून आलो आमी दोघी परवाच. पैसे मिळाले असते, नसते मिळाले, तरी जानारच होतो."

"परवाच?"

"हां. तुझ्या उतरलेल्या चेहऱ्यावरूनच कळलं मला, तुझ्या ध्यानात आलंय. तरी तू बोलंना, मग गेले बघायला."

बाहेर संस्कृतीनं हॉर्न वाजवला. विजयमाला पायरी उतरून गेली, स्कूटीवर मागं बसली, पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. फाटकातून गाडी हायवेला लागली.

मंजुषा वळून खुर्चीत बसली. स्क्रीनवर भांडवलाचा गट उघडाच होता, आणि चार नावांत तिसरं तानाजीचं होतं, अगदी बरोबर जागी. तिला ते वाचवेना.